गिरणीच्या दारावरची नोटीस

बदलापुरात एका साप्ताहिकासाठी छोट्या जाहिराती घेणारे गृहस्थ आहेत. वकिलांचा कारकून म्हणून मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जमिनींच्या जाहीर नोटिसा नेतो. कुणाची हरकत असेल तर चौदा दिवसांत कळवा, एवढाच मजकूर. ते साप्ताहिक गावात कोणी वाचत नाही, म्हणूनच आमच्या वकिलांना ते आवडतं.

कोणी म्हैस विकायला काढली की हे जाहिरातवाले गृहस्थ विचारतात, "लाथ मारते का? मारत असेल तर तेपण टाकू." जमिनीच्या नोटिशीला मात्र एकच प्रश्न, "बहिणी कुठं दिल्यात?" उत्तर ऐकून ते चष्मा पुसतात आणि नोटिशीची एक झेरॉक्स जादा काढतात. कशाला, ते मी कधी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात मी आमच्याच पालेगावच्या शेताची नोटीस नेली. त्यांनी नेहमीसारखंच विचारलं.

"एकच आहे. वांगणीला," मी म्हणालो.

सोमवारी बहिणीचा फोन आला. "दादा, शेत विकतोयस, ते मला इथं वांगणीत गिरणीच्या दारावर वाचायला लागलं."

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांच्या बोटांवर वाळलेली खळ दिसली. "बहिणी कुठं दिल्यात?" त्यांनी विचारलं.

पक्षकाराच्या तिन्ही बहिणींची गावं मी सावकाश सांगितली.