हळू गाणारे स्पीकर

सुखदेवकाकांशी बोलायचं म्हणजे आधी त्यांना "हळू" म्हणावं लागे. मेडशीत त्यांचं मांडव-साऊंडचं काम होतं. लग्न असो की जयंती, त्यांच्या बॉक्सांची भिंत उभी राहिली की गल्लीतल्या पत्र्यांना कापरं भरायचं. "आवाज छातीत लागला पाह्यजे, कानाचं काय घेऊन बसले!" हे त्यांचं ब्रीद. आमचं घर त्यांच्या घराला लागून, त्यामुळे ते ब्रीद आम्ही भरपूर भोगलं आहे.

असा माणूस एका सकाळी माझ्या ओट्यावर येऊन चक्क कुजबुजला, "हळू वाजणारे स्पीकर घ्याचे हायत. वाशीमले चालतं का?"

कारण कमलकाकू. काकू म्हणजे आमच्या विहारातल्या भीमगीतांचा मुख्य आवाज. मेंदूच्या दुखण्यातून त्या उठल्या खऱ्या, पण मोठा आवाज सोसेना, आणि त्यांचं गाणंही थांबलं. मोबाईलवर हळू लावलेलं काकांना पटत नव्हतं. "त्यात बाई गाते का मुंगी, काई समजत नाई! ढोलकी तं गायबच. आयकल्याबिगर कमल गाईन कशी?" ही एकच आशा धरून ते माझ्या मोटारसायकलवर मागे बसले आणि वाशीम येईपर्यंत माझ्या कानात ओरडत राहिले.

दुकानदाराने सवयीने सर्वांत मोठी जोडी लावून आवाज चढवला. काका म्हणाले, "कमी कर." कमी केल्याबरोबर ढोलकीचा घुमारा गेला. "पाह्य! मोठ्यानं बोलला तं पैलवान, हळू बोलला का शेळी!" नीट ऐकू यावं म्हणून दुकानदार पंखा बंद करायला निघाला, तर काकांनी त्याचा हातच धरला. "राहू दे चालू. माह्या घरी काय पंखा नाई?" मग एकेक जोडी लागली. काका मला मुद्दाम बोलायला लावत. आमच्या बोलण्याखालूनही गाण्याचे शब्द कळायला हवे होते. शेवटी एक बुटकी लाकडी जोडी लागली आणि ते आनंदाने उडालेच. "हे पाह्य! ढोलकी हाय, शब्द हायत. पोट भरते, ठसका नाई लागत!" भर दुकानात त्यांनी मला मिठी मारली.

घरी जोडणी झाली, गाणं लागलं, आणि काका काकूंच्या खाटेकडे धावले. काकूंनी नकारार्थी मान हलवली. शब्द कळत नव्हते. काकांचा चेहरा पार उतरला.

"दुकानात तं बरोबर व्हतं! फसवलं लेकानं!"

मलाही फार वाईट वाटलं. चूक सापडली ती काकूंना. आयुष्यभराच्या सवयीने काकांनी दोन्ही स्पीकर उंच फळीवर चढवले होते आणि त्यांची तोंडं दाराबाहेर, रस्त्याकडे केली होती, जिकडे मिरवणूक असते.

"आवो, मी इकडं हावो ना," काकू म्हणाल्या.

मी पोट धरून हसलो. काका चक्क लाजले. स्पीकर खाली स्टुलांवर आले, काकूंच्या कानाच्या उंचीवर, त्यांच्याकडे तोंड करून. पंखा फिरत होता आणि त्याच्या घरघरीतून ढोलकी अशी स्वच्छ आली की माझ्या अंगावर काटा आला. काकूंची बोटं खाटेच्या काठावर ठेका धरू लागली. दुसऱ्या कडव्याला त्या गुणगुणल्या. आवाज थकलेला होता, पण सुरात होता. मी आनंदाने काहीतरी बोलणार तोच काकांनी मला दंडाला धरून गप्प केलं, पुढे झाले आणि स्पीकरचा आवाज हळूहळू पूर्ण बंद केला. काकूंना ते कळलंच नाही. त्या गात राहिल्या.