जुना रिसीव्हर आणि दाजींचे कान

जुने स्टीरिओ रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेल्या पेट्या, गोळा करणाऱ्याच्या घरात धूळ साठते, वायरी साठतात आणि किस्से साठतात. धुळीवरून आणि वायरींवरून बायको बोलते. किश्शांवरून अजून बोललेली नाही, म्हणून सांगून टाकतो.

साताऱ्यात आमच्याकडे रविवारी सकाळी गाणी ऐकायची बैठक असते. मी, मिलिटरीतून रिटायर झालेले सुभेदार, आणि जमेल तेव्हा माधवनगरहून येणारे माझे दाजी, म्हणजे थोरल्या अक्काचे यजमान. दाजींनी उभी हयात यंत्रमागावर काढली, त्यात कान गेले. कानातलं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून ते डब्यात पडून. इच्छा एकच होती, अक्काचा आवाज एकदा नीट ऐकायचा.

*

सगळ्यात मोठा रिसीव्हर मी लोणंदहून एसटीनं आणला. मांडीवर मावेना, म्हणून शेजारच्या सीटवर ठेवला. कंडक्टरनं उचलून बघितला आणि म्हणाला, "ह्याचं हाफ तिकीट काढा. माझ्या पोरापेक्षा जड हाय."

काढलं मी. अजूनही त्याचा राग येत नाही.

*

सुभेदारांच्या लेकानं त्यांना भारीतला हेडफोन पाठवला. मोबाईलला लावला तर आवाज मुंगीएवढा! असले हेडफोन जोर मागतात, तो मोबाईलमध्ये कुठला? सुभेदार वैतागले. म्हणाले, "गाणं कराडात वाजतंय आन् मी साताऱ्यात ऐकतोय."

मी तो रिसीव्हरला जोडला, नॉब जरासा फिरवला. सुभेदार ताठ बसले.

"आलं. स्टँडावर उतरलं."

*

रिसीव्हर वरून चांगला तापतो. थंडीत बायकोनं त्यावर विरजणाचं पातेलं ठेवलं. गरम हवा जायची जाळी झाकू नको म्हणून मी ओरडलो, तर तिनं पातेल्याखाली लाकडाचे ठोकळे लावले. सुभेदार निघायला उठले की ही आतून सांगणार, "भाऊजी, अजून दोन गाणी ऐका, दही लागायचंय."

बिचारे बसतात. दही मात्र लय झकास लागतं.

*

मागच्या खेपेला दाजी अक्काला घेऊन आले. रिसीव्हरला पुढं माईक लावायची सोय आहे. सुभेदारांनी स्वतःचा हेडफोन दाजींच्या डोक्यावर चढवला, मी माईक अक्काच्या हातात दिला आणि आवाज अगदी बेतानं वाढवायला बसलो. दाजींनी दोन्ही हातांनी हेडफोन घट्ट धरला होता.

अक्काचे ओठ हलले, पण रिसीव्हरवरच्या आवाज दाखवणाऱ्या मीटरचा काटा जागचा हलेना. मी वायर तपासायला वाकलो. वायर ठीक होती. मागांच्या गदारोळात माणसं ओठांच्या हालचालीवरच बोलतात, आणि दाजींशी तसं बोलायची अक्काला इतक्या वर्षांची सवय. तिनं आवाजच काढला नव्हता!

"आगं, आवाज दे की," दाजी म्हणाले.

अक्का लाजली. मग म्हणाली, "आवं, ऐकू येतंय का?"

काटा हलला. दाजी म्हणाले, "पुन्यांदा म्हण."

तिनं म्हटलं.

"पुन्यांदा."

तिनं परत म्हटलं. दाजींनी डोळे मिटले आणि पुन्हा तेच सांगितलं. आता अक्का वैतागली.

"आवं, बहिरं झालाय काय तुमी?"

"व्हय," दाजी म्हणाले, "पुन्यांदा म्हण."