वरच्या आडाचं पाणी

बोरखडीच्या चांगुणाबाई नगरला दोन वर्षं राहून सुईणपण शिकून आल्या, तेव्हा गाव आधी हसलं. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेलेली बाई भावाच्या घरी गप भाकरी खायची सोडून दवाखान्यात नोकरीला जाते, हे कुणाच्या पचनी पडेना. पण पुढच्या तेरा वर्षांत गावातली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्मली. डॉक्टर शेवगावहून फक्त मंगळवारी यायचे. बाकी सहा दिवस दवाखाना म्हणजे चांगुणाबाई.

एकोणीसशे सेहेचाळीसच्या चैत्रात महारवाड्यात पटकी, म्हणजे कॉलऱ्याची साथ, शिरली. तीन दिवसांत चार माणसं गेली. त्या वस्तीचं पिण्याचं पाणी म्हणजे ओढ्यातला झिरा. त्यातच गुरंही तोंड घालायची. चांगुणाबाईंनी झिऱ्यात लाल औषध टाकून पाहिलं, तळचा गाळ बघितला आणि इथं औषध पुरायचं नाही म्हणून बाटलीला बूच लावलं. चांगलं पाणी एकच होतं, वरच्या आळीतल्या आडाचं. तिथं महारवाड्याला पाय ठेवायची बंदी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या दोर आणि पोहरा घेऊन आडावर उभ्या राहिल्या. महारवाड्यातल्या बायका पायऱ्यांच्या खाली घागरी मांडत, चांगुणाबाई वरून शेंदून ओतत. दुपारपर्यंत तळहातांची सालपटं निघाली. पंचांतले आसाराम पाटील काठी टेकत आले.

"चांगुणा, ह्ये काय चालवलंयस?"

"पानी शेंदतेय, तात्या."

"ते दिसतंय. कुनाला इचारून?"

"चार मानसं मेली, तवा कुनी कुनाला इचारलं न्हाई."

"तू आपल्यातली हायेस म्हनून नीट सांगतोय. घरी जा."

"आजून चाळीस घागरी हायेत. त्या झाल्या की जाते."

पाटील गेले, पण जाताना आळीतल्या माणसांना नजरेनं काय ते सांगून गेले. चांगुणाबाई दुसऱ्या दिवशीही आल्या, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी महारवाड्यातल्या दगडाबाईनं आपली घागर पुढं केलीच नाही. तिचा सहा वर्षांचा मुलगा त्याच आठवड्यात गेला होता.

"बाई, तुमी किती दिस वाढनार?" ती म्हणाली. "पटकी गेली की तुमी दवाखान्यात, अन् आमी परत वढ्यात. दोर हिकडं द्या."

चांगुणाबाईंचे हात थांबले. दोन दिवस वरून पाणी ओतताना त्यांना मनातून बरंच वाटत होतं. आपण केवढं करतोय, असं. ते बरं वाटणं आता तोंडावर आपटलं. स्वतः पाणी वाढणं वेगळं आणि दोर हातात देणं वेगळं. यानंतर माघार नव्हती. त्यांनी पायरी मोकळी केली. दगडाबाई वर चढली आणि तिनं पोहरा आडात सोडला.

तासाभरात वरच्या आळीतले सात-आठ जण काठ्या घेऊन आले. चांगुणाबाई कठड्यावर बसल्या होत्या.

"तिच्या हातातला दोर काढायचा आसंल," त्या म्हणाल्या, "तर आदी मला हितून काढा. बाईमानसावर काठी चालवली म्हनून साऱ्या तालुक्यात सांगीन, नावानिशी."

कुणी काठी उचलली नाही. दगडाबाईनं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि त्यांच्यामधून चालत गेली.

आठ-दहा दिवसांत पटकी ओसरली. त्यामागोमाग बदलीचा हुकूम आला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात. वरच्या आळीनं केलेल्या तक्रारअर्जावर अकरा सह्या होत्या.

"बाई, सहा महिने तिकडे काढा," डॉक्टर म्हणाले. "मी खटपट करून परत आणतो. पक्की नोकरी आहे, घालवू नका."

"मी गेले तर आडावरचा दोर आठ दिस बी टिकनार न्हाई, डॉक्टरसाहेब."

राजीनामा त्यांनी तिथंच डॉक्टरांच्या टेबलावर लिहून दिला. घरी भाऊ, गोरक्ष, संतापला. गावाशी वैर धरून शेत कसं करायचं, हा त्याचा सवाल खोटा नव्हता. "मला येगळी काढ," त्या म्हणाल्या, "पन गाव सोडायला सांगू नकोस." त्यानं वेगळं काढलं नाही. महिनाभर बोलला मात्र नाही.

मग चांगुणाबाई सकाळी शेतात राबायच्या आणि दुपारनंतर गावात फिरायच्या. बाळंतपणं, देवीची टोचणी, जखमा, सगळं फुकट. डॉक्टर दर मंगळवारी औषधं त्यांच्या ओसरीवर ठेवून जायचे. दगडाबाई त्यांच्याबरोबर फिरू लागली. वर्षभरात तिचा हात तयार झाला. आडावर कुरबुरी चालूच होत्या. एकदा कुणी पोहरा फोडला, एकदा दोर कापला. दोघींनी नवा बांधला.

वरच्या आळीनं मात्र दीड वर्ष त्यांचा पाय उंबऱ्याला लागू दिला नाही. मग एका दुपारी त्याच आळीतली छबूबाई परसातून आली. तिची लेक दोन दिवस बाळंतपणात अडली होती.

"चांगुणाबाई, मागच्या दारानं या. कुनाला दिसाया नको."

"येते. पन म्होरच्या दारानं," चांगुणाबाई पिशवी उचलत म्हणाल्या. "अन् दगडाबाई बी संगं येईल. आडल्या बाळंतनीला चार हात लागत्यात."

छबूबाई घुटमळली. मग पुढं झाली आणि भर आळीतून चालू लागली. तिच्यामागून त्या दोघी पुढच्या दारानं आत गेल्या. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली, आणि तिची नाळ दगडाबाईनं कापली.