निळ्या सुटकेसमधलं मनिला

सहारच्या विमानतळावर बाबा रडले. मोठ्याने नव्हे. चष्मा काढला, रुमालाने डोळे पुसले आणि काचेच्या दारातून आत जाणाऱ्या माझ्या ट्रॉलीकडे बघत राहिले. दोन हजार सालची गोष्ट. नवऱ्याला वॉटरफोर्डला सॉफ्टवेअरची नोकरी लागली होती आणि मी त्याच्या मागोमाग निघाले होते. लहानपणी मी गुडघा फोडून आले की बाबा म्हणायचे, "रडायला काय झालं? कोण मेलंय?" आजी गेली तेव्हा खरंच कोणी मेलं होतं, तेव्हाही ते कोरडेच होते. त्यामुळे विमानतळावरचे ते डोळे मी लोणच्याच्या बरणीसारखे जपून आयर्लंडला नेले. डब्लिनजवळ ल्यूकनला कुणाकडे गणपतीला जमलो आणि बायका माहेरच्या गोष्टी काढायला लागल्या की माझी ठेवणीतली गोष्ट हीच असायची.

त्या बायकांना मी एवढंच सांगायचे; तुम्हाला मात्र आदल्या दिवशीचंही सांगायला हवं. बाबा बोटीवर फिटर होते आणि बरोबरचे निम्मे लोक फिलिपिनो. मनिलाला बोट लागली की तिथल्या जुन्या गाण्यांच्या रेकॉर्डी आणायचे आणि सुट्टीवर असले की रविवारी जेवणानंतर लावून बसायचे. आई म्हणायची, "झाली सुरू चिनी रडगाणी!" मी तर हेल काढून नक्कल करायचे आणि पाहुण्यांना हसवायचे, बाबांच्या तोंडावर. ते हसत नसत, हे मला आत्ता आठवतं.

निघायच्या आदल्या दिवशी कुकर, पोळपाट, मसाले काही केल्या मावेनात. पलंगाखाली हाँगकाँगची निळी, कडक सुटकेस होती, बाबांच्या रेकॉर्डींनी भरलेली. बाबा बँकेत गेले होते. मी ती रिकामी केली आणि सगळ्या रेकॉर्डी दारावरच्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. "बरं झालं, पीडा गेली," आई म्हणाली. बाबा आले, सुटकेसवर माझं नाव चिकटवलेलं पाहिलं आणि हात धुऊन जेवायला बसले. मला वाटलं, सुटले.

वॉटरफोर्डला मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली डिपेंडंट. कामाची परवानगी नाही, म्हणून दिवसभर किचनमधले प्रेस पुसत बसायचे. तिथे कपाटाला प्रेस म्हणतात. एका शनिवारी शेजारच्या भिंतीतून गाणं आलं आणि पुढची ओळ माझ्या तोंडून आधीच बाहेर पडली, तोच हेल काढून. शेजारी लूझ राहायची, मोठ्या हॉस्पिटलातली फिलिपिनो नर्स. फडकं हातात घेऊनच मी तिचं दार वाजवलं. मला ते गाणं येतं हे ऐकून ती आधी हसली, मग रडली. आईकडची रेकॉर्ड तिने आणली होती, प्लेअर तिथल्या जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधला.

"अर्थ काय गं याचा?" मी इंग्रजीत विचारलं.

"बोटीवरचा माणूस घरच्यांना विचारतो," ती म्हणाली, "मी परत येईन तेव्हा माझी जागा असेल ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या गाण्यावर मी पाहुण्यांना हसवलं होतं.

लूझच्या बहिणीने मनिलात दोन वर्षं शोधून तीच रेकॉर्ड मिळवली. दोन हजार सहामध्ये मी ती घेऊन पुण्याला गेले, पाच वर्षांच्या लेकाला आणि त्याच निळ्या सुटकेसला घेऊन. बाबांनी इतकी वर्षं फोनचं स्टूल झालेला प्लेअर काढला, रेकॉर्ड पुसली, लावली. आणि त्यांचे डोळे भरले. अगदी तसेच. मला इतका आनंद झाला की राहवलं नाही.

"बाबा, मी निघाले तेव्हाही तुम्ही असेच रडला होतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "माझी बॅग चालली होती," ते म्हणाले. "आत तुझा कुकर. तू काय, जाणारच होतीस. आता गप्प बस, ऐकू दे."

सहा वर्षं ज्या अश्रूंवर मी मिरवलं, ते माझे नव्हतेच. तुमच्यापैकी ज्यांचे बाबा विमानतळावर रडले असतील, त्यांना माझा एकच सल्ला आहे: कारण विचारू नका.

परत निघताना मी सामान भरायला घेतलं तर बाबा दारात उभे. "बॅग इथेच ठेव. रेकॉर्डला लागेल." एवढ्या मोठ्या सुटकेसमध्ये त्यांनी ती एकच रेकॉर्ड ठेवली आणि सुटकेस पलंगाखाली सरकवली. माझे मसाले वाण्याकडून आणलेल्या खोक्यात गेले, वरून नायलॉनची दोरी. या खेपेला बाबा फाटकापर्यंतच आले. डोळे कोरडे.

डब्लिनला पट्ट्यावरून ते दोरी बांधलेलं खोकं आलं तेव्हा लेक आजूबाजूला बघायला लागला.

"मॅम, व्हेअर्स युअर केस?" तिथली पोरं आईला मॅम म्हणतात.

"आजोबांची होती ती," मी म्हटलं. "घरी राहिली."