आंब्यावरची सीतेची वेणी

"अक्का गेल्या," गावाकडून, मुरुमहून चुलतभावाचा फोन आला आणि खोटं कशाला सांगू, माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "अरे, मग त्या वेणीला पाणी कोण घालतंय?" अक्का म्हणजे माझ्या थोरल्या काकू, त्याची सख्खी आई. बिचाऱ्याला काय वाटलं असेल!

पण अक्का असत्या तर पोट धरून हसल्या असत्या. शिरसीकडच्या डोंगरातली ही बाई लग्न होऊन मुरुमात आली आणि तिथल्या उन्हाला कधी भ्याली नाही. मागं एकदा माहेराहून येताना वादळात मोडून पडलेली एक फांदी पिशवीत घालून आणली. तिच्यावर सीतेची वेणी होती. झाडाच्या सालीला धरून राहणारी, गुलाबी-पांढऱ्या फुलांची लांब वेणी सोडणारी आमरी, म्हणजे ऑर्किडच. अक्कांनी ती अंगणातल्या आंब्याला बांधली. सगळ्यांनी वेड्यात काढलं, "डोंगरातलं झाड हितं कसं जगंल?"

"का? मी न्हाय का जगले?" अक्कांचं उत्तर तयार. रोज लिंगपूजा झाली की पूजेचं पाणी त्या मुळांवर शिंपडायच्या.

एकदा त्या बाजारात गेल्या असताना शेजारचे रहीमचाचा कैऱ्या उतरवायला आंब्यावर चढले. आमच्याकडं आंब्यावर परकं पान दिसलं की ते बांडगूळच, झाडाचा रस पिणारं. चाचांनी सवाबाचं, पुण्याचं काम समजून ते कोयत्यानं छाटलं! अक्का आल्या, बघितलं आणि छाटलेल्या पानांपाशी जाऊन बसल्या. त्यांना रडताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

"भाभी, लई मोठी चूक झाली," चाचा मान वर करेनात.

अक्कांनी डोळे पुसले, एक हिरवा तुकडा शोधला, जुन्या इरकली लुगड्याची पट्टी फाडून चाचांच्या हातात दिली. "आता तुमीच बांधा. अन् मी घरी नसले की पाणी तुमीच घालायचं."

अक्कांना माती देऊन आम्ही परतलो, तेव्हा चाचा तांब्या घेऊन आंब्याखाली उभे होते. मला रडू आवरेना.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेले. पट्टी उन्हानं पार विटलेली. म्हटलं, नवी बांधू. गाठ सोडली, पण पट्टी निघेचना. जाड पांढरी मुळं तिच्यावरून जाऊन सालीला घट्ट चिकटली होती.

"ओढू नको, बेटी," चाचा म्हणाले, "तिनं धरलंय आता."

फुलं अजून आलेली नाहीत... येतील. मी ती गाठ परत मारली नाही.