मागची सीट महाराजांची

मी तेव्हा देवभक्त होतो की नुसताच आपमतलबी, हे आजही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. लोक मला भक्तच समजत आणि मीही त्यांचा समज कधी मोडला नाही. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. कर्जतला माझं खत-बियाण्यांचं दुकान होतं आणि लष्कराच्या लिलावातली एक जुनी फटफटी मी घेतली होती. सिलिंडर एकच, पण आवाज असा की बाजारातली कुत्री आधीच वाट सोडत. बांध, चिखल, नदीचं पात्र, कशालाही ती अडत नसे. तिच्यावर मी गाणगापूर केलं, गिरनार केलं आणि दरसाल दत्तजयंतीला नरसोबाच्या वाडीला तर जायचोच. जाऊन आलो की महिनाभर सगळ्यांना सांगत बसायचो.

गाडी आली तशी मागणारी माणसंही आली. जरा स्टेशनवर सोड, जरा दहिवलीला टाक. आठ दिवसांत मी वैतागलो. मग एका गुरुवारी मागच्या सीटवर दत्त महाराजांची तसबीर भगव्या कापडात पट्ट्यानं बांधली आणि जाहीर केलं की ही सीट महाराजांची, इथं दुसरं कुणी बसायचं नाही. कुणाची काय बिशाद पुढं बोलायची! माझी बायकोसुद्धा माहेरी एष्टीनं जायची. एकदा ती म्हणाली, "महाराजांना विचारून बघा, एखाद्या मंगळवारी तरी मला जागा देतात का." मी तिच्यावरच डाफरलो होतो.

त्या वर्षी दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी मी वाडीला निघालो. चौकला चहा घेतला, पेट्रोल भरलं. गाव सोडलं तोच रस्त्याच्या कडेला एक म्हातारी हात करताना दिसली. साधी शेतकरी बाई, पायात मोठ्या मापाच्या चपला, बहुधा घाईत दुसऱ्याच कुणाच्या घातलेल्या. "दादा, खोपोलीला चाललास का रं? माजी लेक अडलीय. शेजाऱ्यांनी बैलगाडीतनं दवाखान्यात नेलीय. जावई मुंबईला गोदीत. एष्टी आत्ताच गेली बघ. मला तेवडी ने."

माझा रस्ता खोपोलीवरूनच होता. तरी मी म्हणालो, "नेलं असतं हो आजी, पण मागची सीट महाराजांची आहे." सवयीचं वाक्य होतं, तोंडातून सहज निघालं. म्हातारीनं तसबिरीकडं पाहिलं, चपला काढल्या, हात जोडले. "मंग ऱ्हाऊ दे, बाबा. देवाला कशाला उटवायचं?" आणि सांगायची लाज वाटते, पण मला तेव्हा वाईटसुद्धा वाटलं नाही. काय भाविक बाई आहे, असं मनात म्हणत मी किक मारली.

खालापूरच्या अलीकडं पेंढ्याच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. थांबायचा धीर मला कधी नव्हताच. डांबर सोडून कडेच्या दगडमातीतून गाडी घातली, पुढं मोरीचा फुटका कठडा आला आणि मी गाडीसकट खाली. गुडघा फुटला, पुढच्या चाकाचा आठ झाला. तसबीर उडून रस्त्यावर पडली, काचेला तडा गेला. कसाबसा वर येऊन हात करून करून दमलो, एकही वाहन थांबेना. महाराजांनी माझ्याशी असं का करावं, म्हणून मी त्यांच्यावर चिडलो. मघाची म्हातारी मला आठवलीसुद्धा नाही.

शेवटी एक रिकामा ट्रक थांबला. केबिनमध्ये तीच बसलेली होती. ड्रायव्हर मला म्हणाला, "मी नसतो थांबलो. या आजीनंच ओरडून थांबवलं." म्हातारी खाली उतरली ती थेट तसबिरीकडं गेली. काचेवरची धूळ पदरानं पुसत म्हणाली, "देव रस्त्यात पडल्याला दिसतो नि आपुन फुडं जायाचं व्हय?" ड्रायव्हरनं गाडीवानांना हाक मारून फटफटी ट्रकमध्ये चढवली, त्यात पंधरा-वीस मिनिटं गेली. जिची लेक तिकडं अडली होती ती एका शब्दानं घाई कर म्हणाली नाही. केबिनमध्ये सरकून तिनं मला जागा दिली आणि तसबीर मांडीवर घेऊन बसली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई दारातच होत्या. "आजी, होतात कुठं? पोट फाडावं लागणार आहे, घरच्या माणसाच्या अंगठ्यासाठी तासभर खोळंबलोय आम्ही." म्हातारीनं शाईत अंगठा बुडवला आणि म्हणाली, "गाडी नाय भेटली, बाई." माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. मी तिथंच, हातभर अंतरावर, तसबीर घेऊन उभा होतो. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

बाहेरच्या बाकावर बसून मी प्रार्थना करायला गेलो, पण कुठल्या तोंडानं करणार? ज्यांच्या नावावर मी तिला नाकारलं त्यांच्याकडंच तिच्या लेकीचा जीव मागायचा? इतक्या वर्षांच्या वाऱ्या, पारायणं, त्यातलं एकही पुढं करायला धजावलो नाही. तसबीर बाकावर ठेवली आणि म्हणालो, "माझं काही म्हणणं नाही. तुम्ही बघा." माझ्या आयुष्यातली ती पहिली खरी प्रार्थना असावी.

दुपारी मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी वाचल्या. म्हातारी गुळाचा खडा घेऊन माझ्यापाशी आली. "घे रं, तोंड गोड कर. तुज्या देवाचा पायगुण." मला राहवलं नाही. "आजी, माझ्यामुळंच तुम्हाला उशीर झाला."

"माईत हाय मला. गूळ खा."

त्या वर्षी वाडी झाली नाही. खोपोलीच्याच गॅरेजात गाडी नीट करून घेतली, तसबीर घरी देव्हाऱ्यात ठेवली. तडा गेलेली काच मात्र बदलली नाही, अजून तशीच आहे. देवाला जागा देणारा मी कोण, हे तिच्याकडं पाहिलं की कळतं. महाराजांनी मला रस्त्यावर पाडलं आणि त्याच बाईकरवी उचललं, हे त्यांचे उपकार मी विसरू शकत नाही.

पुढं आजीची लेक-नात दवाखान्यातून टांग्यानं लेकीच्या सासरी गेल्या, त्या दिवशी आजीला चौकला घरी सोडायला मी फटफटी घेऊन खोपोलीला गेलो. ती गाडीपाशी आली, पण बसेना. मोकळ्या सीटवरून हात फिरवून म्हणाली, "हितं देव बसत व्हता ना रं? मंग आता त्यो कुटं बसंल?"

देव सगळीकडं असतो वगैरे मी मनाशी जुळवून आणलं होतं. ते तसंच ठेवून मी बाहीनं डोळे पुसले. तिनं माझ्या पाठीवर थोपटलं. "बरं बरं. मी जरा सरकून बसते. त्यालाबी जागा व्हईल."

आणि चौकपर्यंत ती खरंच तशी, सीटच्या कडेला सरकून बसली.