तीन शहरांची सुनावणी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका छोट्या सल्लागार कंपनीत मी वाहतुकीचं काम करायचे. चौकात उभं राहून गाड्या मोजायच्या आणि ऑफिसात येऊन अहवाल लिहायचा. कंपनी चालवणारे आमचे सर मूळचे गारगोटीचे, निवृत्त इंजिनिअर. कोल्हापूर आणि शेजारची दोन शहरं यांना एकत्र आणून त्यांनी एक योजना बांधली होती. गर्दीच्या वेळी पेठांत चारचाकी आणायची तर शुल्क भरायचं, आणि त्या पैशातून सिटी बस वाढवायच्या. तिन्ही शहरांत एकाच दिवशी, एकाच नियमानं.

"एकट्यानं केलं तर व्यापारी म्हणणार, आमचं गिऱ्हाईक शेजारी पळालं. तिघांनी मिळून केलं तर पळेल कुठं?" हे सर इतक्या वेळा सांगायचे की मला पाठ झालं होतं.

घरी मात्र मी या कामाबद्दल अवाक्षर काढत नव्हते. माझे वडील, आप्पा, टोलविरोधी आंदोलनात पहिल्या मोर्च्यापासून होते. टोल गेला तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. शेवटी त्यांना पेपरातून कळलं. जेवताना ते म्हणाले, "आमी उन्हातान्हात रस्त्यावर बसलो ते ह्याच्यासाठी व्हय?"

"आप्पा, हा टोल नाही."

"गाडी आडवून पैसं घ्यायचं, त्याला काय म्हणत्यात मग?"

मी मान खाली घालून जेवत राहिले. खरं तर सांगण्यासारखं माझ्याकडे होतं. मोजणीच्या दिवसांत भाजी मंडईच्या तोंडाशी एक ॲम्ब्युलन्स गाड्यांत अडकलेली मी पाहिली होती. मागचं दार उघडून एक बाई खाली उतरली आणि पुढच्या गाड्यांच्या काचा वाजवत हात जोडू लागली. लोक सरकायला तयार होते, पण सरकायला जागाच नव्हती. थोड्या वेळानं ती परत आत गेली आणि मग बाहेर आलीच नाही. सायरन चालूच होता. मी ते वहीत लिहिलं होतं आणि सरांना सांगितलं होतं.

जनसुनावणी सकाळी अकराला एका मंगल कार्यालयात होती. मंचावर सर, लॅपटॉप घेऊन मी आणि शेजारच्या दोन्ही शहरांचे एकेक अधिकारी. आदल्याच दिवशी दोघांनी योजनेच्या मसुद्यावर सह्या केल्या होत्या. तिसऱ्या रांगेत आप्पा बसलेले दिसले.

सरांनी बोलायला सुरुवात केली तशी मागून एक जण ओरडला, "ओ पावणं, शुल्क म्हणा न्हायतर परसाद म्हणा, टोल त्यो टोलच की!"

हॉल हसला. मग हसणं थांबलं आणि आरडाओरडा सुरू झाला. कुणीतरी बाहेरच्या अधिकाऱ्यांना विचारलं, "तुमच्यात लागू करताय काय?" पहिला म्हणाला, "आमचा अजून निर्णय व्हायचाय." दुसऱ्यानं नुसती नकारार्थी मान हलवली. सरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि माईक माझ्यापुढे सरकवला. हळूच म्हणाले, "मंडईत पाहिलंस ते सांग. तेवढंच सांग."

मी माईक धरला. आप्पा माझ्याकडेच बघत होते. मी माईक परत सरांपुढे ठेवला.

ते उठून उभे राहिले तेवढ्यात पुढून उघडी बाटली येऊन त्यांच्या उजव्या डोळ्यावर आदळली. आत गाडीचं काळं ऑइल होतं. चेहरा, शर्ट सगळं माखलं. दोन्ही अधिकारी बाजूच्या दारानं निघून गेले. मी लॅपटॉप छातीशी धरून उभी. मंचावर चढले ते आप्पा. खांद्यावरच्या टॉवेलनं सरांचं तोंड पुसत म्हणाले, "डोळं चोळू नगा, पावणं. चला माझ्यासंगं." माझ्याकडे न बघता त्यांनी सरांना रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी आप्पा म्हणाले, "त्येनी माईक दिला तवा बोलायचं हुतंस."

"तुम्ही समोर होता."

"मग? मी खाल्लं असतं व्हय तुला?"

सरांच्या उजव्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच. दोन्ही शहरांनी पत्रं पाठवून अंग काढून घेतलं. एकट्या कोल्हापूरची योजना कुणी पुढे नेणार नव्हतं. फाइल बंद झाली, मीही नोकरी सोडली.

पुढं काही महिन्यांनी एसटीनं गारगोटीला, सरांच्या गावच्या घरी गेले. सर घरापुढच्या सोप्यात बसले होते, उजवीकडून आलेली मी त्यांना दिसले नाही. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा ओळखलं. म्हणाले, "बस." मी माफी मागितली. ते म्हणाले, "वडील बसले होते तुझे. मला नंतर कळलं, त्यांनीच सांगितलं रिक्षात." मग विचारलं, "तिघांची परत बैठक झाली काय कधी?"

"नाही, सर."

त्यांनी मान डोलावली.

निघताना त्यांची बायको फाटकापर्यंत आली. मला वाटलं, निरोप द्यायला. कडी लावत ती म्हणाली, "तिकडचं कुणी आलं की चार दिवस झोपत न्हाईत ते. परत येऊ नगंस, बाई."

मी परत गेले नाही.